विक्री वाढते, पण हातात पैसा राहत नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्या बाईने काय शिकावे?

तुम्ही लिहिले आहे की घरून मसाले, चटण्या आणि फराळ विकायला लागून दोन वर्षे झाली, मागणीही वाढते आहे, तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नाही. अशा वेळी इतर व्यावसायिक बायका रोजच्या व्यवहारातून काय शिकल्या आणि आता मुद्रा कर्ज (लहान व्यवसायांसाठीच्या सरकारी योजनेतले कर्ज) काढावे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी डोंबिवलीत बरीच वर्षे भाजणी आणि फराळाचा व्यवसाय करते. त्यामुळे माझे उत्तर खाण्याच्या पदार्थांपुरते आहे. शिवणकाम किंवा पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींना त्यातले काही लागू पडेल, काही पडणार नाही.

माझ्या पाहण्यात बहुतेक घरगुती व्यवसायांचे दुखणे एकच असते. बाई सामानाचा हिशेब चोख ठेवते, हरभरा डाळ मागच्या महिन्यापेक्षा किती रुपयांनी चढली हे तिला तोंडपाठ असते, पण स्वतःच्या कामाची मजुरी ती किमतीत धरतच नाही. लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला, हे प्रत्येक महिला मेळाव्यातल्या भाषणात येतेच. मला त्यातला सहसा न सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते आणि तरीही तिने जितके किलो लाटले त्याची मजुरी तिला वेगळी मिळते. नफा-तोटा हा त्यानंतरचा विषय. आपण मात्र आधी माल विकतो आणि उरेल ते आपले म्हणतो, आणि उरत काहीच नाही.

चकलीचेच उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, ते तुमच्या गावच्या भावाने बदलून घ्या. समजा सामान, तेल, गॅस, दळण आणि पिशव्या मिळून एका किलोला २४० रुपये पडले आणि तुम्ही चकली ३४० रुपयांना विकली, तर किलोमागे १०० रुपये सुटले असे वाटते. आता घड्याळ लावून बघा. धान्ये आणि डाळी एकेक करून मंद आचेवर भाजणे, गिरणीत जाऊन पुढच्याचे दळण होईपर्यंत थांबणे, उकड काढून मळणे, सोऱ्याने पाडणे, तळणे, पूर्ण गार होऊ देणे, वजन करून पिशव्या बंद करणे आणि लेबल चिकटवणे, यात पाच किलोंना एका माणसाचे सहा तास सहज जातात. दिवाळीत मदतीला येणाऱ्या बाईला तासाला ७० रुपये देत असाल, तर तोच दर स्वतःला लावा. सहा तासांचे ४२० रुपये, म्हणजे किलोला ८४. शंभरातले १६ उरले, आणि मोडलेल्या चकल्या, चव बघायला दिलेली पाकिटे, रिक्षाचे भाडे हे सगळे त्या सोळातून जायचे आहे. किंमत कमी आहे हे कळायला याहून अधिक काही लागत नाही.

या हिशेबातली सर्वांत फसवी बाब तेल. किती तेल ओतले हे सगळ्यांना ठाऊक असते, पदार्थाने किती प्यायले हे कोणी मोजत नाही. तळणीला बसण्यापूर्वी तेलाचे वजन करावे, गार झाल्यावर उरलेले तेल गाळून पुन्हा वजन करावे आणि फरक त्या दिवसाच्या चकलीवर चढवावा. भाजणीत डाळींचे प्रमाण बदलले किंवा मोहन जास्त झाले की हा फरक वाढलेला दिसतो. गॅसचेही तसेच. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे नियमात बसत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. पण नियम बाजूला ठेवला, तरी स्वयंपाकघरातल्याच सिलिंडरवर तळण केले की धंद्याचा खर्च घरखर्चात लपतो आणि चकली स्वस्त पडल्याचा भास होतो.

म्हणून दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. अनेक बायकांच्या टेबलावर ठेवलेला क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा असतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. खाते तयार होते, तेच जोडले. पण दोन वर्षे विक्री त्या खात्यात जमा होत राहिली, तर बँकेच्या लेखी तो व्यवसाय तुमचा नसतोच, आणि कर्ज मागायला गेल्यावर दाखवायला तुमच्या नावावर एकही नोंद नसते. स्वतःच्या नावाचे वेगळे खाते उघडा, सगळी विक्री त्यातच घ्या, सामानाचे पैसे त्यातूनच द्या आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्यातून स्वतःची मजुरी घरखर्चाच्या खात्यात वळती करा. मुलीच्या क्लासची फी भरायची असेल तर ती त्या मजुरीतून भरावी, धंद्याच्या खात्याला हात लावू नये. भिशीवर माझा राग नाही, माझे पहिले मोठे पातेले भिशीच्याच पैशातून आले, पण भिशीची नोंद कोणतीही बँक धरत नाही.

हिशेब आपल्याला जमणार नाही असे वाटणाऱ्या बायकांना मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या म्हसवडचे उदाहरण देते. तिथल्या स्त्रियांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्याच स्त्रियांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी ठेवली, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आपल्याकडे तर वही, पेन आणि मोबाइल तिन्ही आहेत.

आता उधारी, म्हणजे ज्या विषयावर बायका सर्वांत कमी बोलतात. शेजारच्या काकू, जावेची बहीण, सोसायटीच्या सेक्रेटरीची पत्नी ही आपली पहिली गिऱ्हाइके असतात आणि पैसे मागायचा संकोच त्यांच्याकडेच वाटतो. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी हे फार मोठ्या प्रमाणावर सोसले. गिरणी कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाल्यावर पैसे देत. तोपर्यंत वाण्याचे सामान उधारीवर आणि अडीनडीला सावकाराचे कर्ज, अशा चक्रात त्या बायका राबत राहत आणि व्याज फेडत राहत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट उघडून दिली, तेव्हा कुठे सावकाराचा फास सैल झाला. तुम्ही काकूंना महिनाभराच्या उधारीवर मसाला देता, तेव्हा मिरची-धण्याचे पैसे महिनाभर तुम्ही त्यांना बिनव्याजी वापरायला दिलेले असतात, हे स्वतःशी तरी मान्य करावे.

यावर मी वापरते तो उपाय साधा आहे. प्रत्येक ऑर्डरला, मग ती सख्ख्या नणंदेची असो, एकच निरोप जातो: “सामान भरायचे असल्यामुळे निम्मी रक्कम आधी घेते, उरलेली माल नेताना द्यावी.” सगळ्यांना तोच निरोप गेला की कोणाला वेगळे वाटून घ्यायला जागा राहत नाही. नातेवाइकांना सवलत द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण ती किमतीत देऊ नये. मालाबरोबर पाव किलो शेव भेट म्हणून द्यावी, कारण एकदा उतरवलेली किंमत पुढच्या दिवाळीत चढवता येत नाही.

दुकानात ठेवायला दिलेल्या मालाची गोष्ट निराळी. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने गणपतीत नेलेल्या मालाचे पैसे दिवाळी उलटून गेली तरी दिले नव्हते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. चार किलो चिवड्यासाठी कोणी तक्रार घेऊन जाणार नाही हे मलाही कळते. पण बिलावर उद्यम क्रमांक (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक), पैसे देण्याची तारीख आणि या तरतुदीची एक ओळ छापून दिल्यावर त्याच दुकानदाराचे बोलणे बदलले आणि पुढच्याच आठवड्यात थकबाकी आली.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने पूर्णपणे मोफत होते. तशाच दिसणाऱ्या संकेतस्थळांवर हजार-दोन हजार रुपये मागतात, तिथे फसू नये. अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच; वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी मी ती केली तेव्हा वर्षाचे शुल्क १०० रुपये होते. तिचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपला पत्ता हे लेबलवर असू द्या. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा ऐकून बायका निश्चिंत होतात, पण परराज्यात माल विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. बेंगळुरूला मसाला कुरिअर करण्याआधी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

तुमच्या कर्जाच्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. मुद्रा योजनेत शिशु या सर्वांत लहान कर्जाच्या गटात ५० हजारांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते आणि ती चांगली सोय आहे. पण तुमच्या आजच्या किमतीत मजुरी धरलेली नसेल, तर कर्जाने विक्री वाढेल आणि दमणूकही तेवढीच वाढेल. हप्ता मात्र घरखर्चातून जाईल. आधी तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पदार्थाचा हिशेब लिहा. त्यातले दोन-तीन पदार्थ तोट्याचे निघण्याची शक्यता आहे, आणि बहुधा ते लोकांच्या सर्वांत आवडीचेच असतील. त्यांची किंमत सणाच्या आधी वाढवा, ऐन सणात वाढवू नका. त्यानंतरही मागणी हाताबाहेर जात असेल, तर मसाला कुटण्याच्या यंत्रासाठी किंवा पाकिटे बंद करण्याच्या यंत्रासाठी कर्ज जरूर घ्या, कारण अशा यंत्राने वाचलेले तास मोजता येतात आणि हप्त्याशी ताडून बघता येतात. नुसत्या दिवाळीच्या सामानासाठी मात्र काढू नका. ते पैसे ग्राहकांच्या निम्म्या आगाऊ रकमेतूनच यायला हवेत.