वाळूवरचा तपकिरी शेंबूड

वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न : टाकी २०० लिटरची, सात महिन्यांची. कोरडे खडक, मऊ प्रवाळ, आरओ-डीआयचं (क्षार काढलेलं) पाणी, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) रिअ‍ॅक्टर. महिन्याभरापासून खडकांवर आणि वाळूवर शेंबडासारखे तपकिरी तंतू येतात, त्यांत बुडबुडे अडकलेले. रात्री निम्मे दिसेनासे होतात, दुपारपर्यंत पुन्हा हजर. दर रविवारी ४० लिटर पाणी बदलतो, तर दोन दिवसांत जास्तच वाढतं. चार गोगलगायी मेल्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. दुकानदार एरिथ्रोमायसिन टाका म्हणतात. टाकू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : टाकू नका. ते औषध जिवाणूंवरचं, सायनोवर (सायनोबॅक्टेरियावर) चालतं. तुमचं वर्णन डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशी सूक्ष्मजीवांचं आहे आणि ते जिवाणू नव्हेत. औषधाने त्यांच्याशी जागेसाठी भांडणारे जिवाणू तेवढे मरतील.

आधी खात्री करून घ्या. थोडा शेंबूड टाकीच्याच पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तंतू जुळून आले तर डायनोच समजा. मग ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक मिळवा. मुलांचा शाळेचा असला तरी भागतं. काचपट्टीवरची पेशी थेंबाच्या आकाराची असेल आणि निमुळत्या टोकाशी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी गरगरत असेल, तर ती ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल, पुढे बारीक नाक आलेली आणि संथ सरकत जाणारी असेल तर अँफिडिनियम. दोघांचा उपचार वेगळा, म्हणून ही खटपट. रात्रीचं गायब होणं आणि मेलेल्या गोगलगायी पाहता तुमच्याकडे पहिलीच असावी.

आता कारण. दोष त्या दोन शून्यांचा आहे. पाण्यात काहीच उरलं नाही की साधं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात. डायनो मात्र उजेडावरही जगतात आणि जिवाणू गिळूनही. रिकामी जागा त्यांना आयती मिळते. पाणी बदललं की उरलंसुरलं नायट्रेट-फॉस्फेट आणखी पातळ होतं, म्हणून तुमचा सोमवार-मंगळवार वाईट जातो.

जीएफओ आजच काढा. स्किमर फक्त रात्री चालवा. जिवाणू वाढवून नायट्रेट कमी करायला व्होडका किंवा व्हिनेगर देत असाल तर बंद. पाणी बदलणंही थांबवा. हे सगळ्यांना सर्वांत जड जातं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणून तिथेच धरायचं. त्यासाठी लागणारी दोन्ही रसायनं नाशिककरांना नवी नाहीत. द्राक्षबागेत ठिबकमधून सोडतात ते तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि झिरो-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शुद्ध प्रयोगशाळा दर्जाचं मिळालं तर उत्तमच. खत वापरलंत तर पिशवीवर सूक्ष्म अन्नद्रव्यं, म्हणजे तांबं-जस्त, नाहीत हे वाचून घ्या. बोर्डो या बुरशीनाशकासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार, कालवलेला मग किंवा बादली तर जवळही आणू नका. तांब्याच्या अंशानेही प्रवाळ आणि गोगलगायी जातात.

२०० लिटरला नायट्रेट ५ पीपीएमने वाढवायला तेरा-झिरो-पंचेचाळीस १.७ ग्रॅम लागतं. ते दोन दिवसांत विभागून, आरओच्या पाण्यात विरघळवून द्या. झिरो-बावन्न-चौतीस १.४ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं १० मिली दिलं की फॉस्फेट सुमारे ०.०५ने वाढतं. संध्याकाळी दिलेलं फॉस्फेट सकाळी पुन्हा शून्य दिसेल. कोरडे खडक ते शोषून घेतात. घाबरून एकदम दुप्पट देऊ नका. रोज मोजा, रोज थोडं द्या. खडकांचं पोट भरायला आठवडे लागू शकतात.

सोबत यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं यंत्र. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगते, तेव्हाच ती सापडते. दर १० लिटरला एक वॅट धरा, म्हणजे तुम्हाला २० वॅटच्या आसपास. प्रवाह ताशी ४०० ते ६०० लिटर, त्याहून जोरात नको. पाणी मुख्य टाकीतून घेऊन मुख्य टाकीतच सोडा. सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, लावलेला यूव्ही निम्मा वाया जातो. दिव्याने पाणी तापतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पंखा किंवा चिलर तयार असू द्या. डायनोंनी सोडलेलं विष शोषायला १०० ग्रॅम सक्रिय कोळसा ठेवा, दर आठवड्याला बदला. काचेवर हिरवट पापुद्रा धरू लागला की गाडी रुळावर आली. तो लगेच खरवडू नका.

प्रश्न : माझ्याकडे फक्त वाळूवर तपकिरी थर आहे. तीन आठवडे यूव्ही चालवला, तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकली. पाचव्या दिवशी सगळं परत!
– गंगापूर रोड

उत्तर : हे मोठ्या पेशीचं अँफिडिनियम असणार. ते रात्रीही वाळूतच राहतं, पाण्यात येतच नाही, मग यूव्हीत सापडणार कसं? अंधारातही ते वाळूत तग धरतं. नायट्रेट-फॉस्फेट वर सांगितल्याप्रमाणे आणा आणि त्याच्या जागेवर डायटम, म्हणजे सिलिकेचं कवच असलेलं निरुपद्रवी सूक्ष्म शेवाळ, वाढवा. डायटमना सिलिका लागते. सुमारे २९ टक्के सिलिकेचं सोडियम सिलिकेट १० मिली, एक लिटर आरओ पाण्यात. त्यातलं ५० मिली २०० लिटरला साधारण १ पीपीएम देतं. द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं, म्हणून हातमोजे घाला आणि पंपाच्या झोतात थेंबथेंब सोडा. पहिले दोन आठवडे टाकी आणखी तपकिरी दिसेल, कारण डायटमही तपकिरीच. वाळू ढवळू नका. बोअरच्या पाण्यात सिलिका असते हे खरं, पण तेच थेट ओतायचा मोह नको. सोबत काय काय येईल ते मोजता येणार नाही.

प्रश्न : हे घरच्यांना घातक आहे का?
– नाशिक रोड

उत्तर : ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखी विषं बनवतात. २००५ मध्ये इटलीतल्या जेनोव्हाच्या किनाऱ्यावर तिची लाट आली, तेव्हा समुद्राच्या तुषारांनी सुमारे २०० जणांना ताप-खोकल्याचा त्रास झाला होता. घरच्या टाकीत तेवढं होत नाही, पण सायफनची नळी तोंडाने ओढायची सवय आजच सोडा. नळी पाण्यात बुडवून भरा किंवा छोटा पंप लावा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. आणि स्वच्छ करायला म्हणून खडक गॅसवर उकळू नका. झोअँथिड (प्रवाळांसारखे, काही विषारी असलेले जीव) चिकटलेला खडक उकळल्याने त्या वाफेतून घरचे सगळे दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत. खडक मोकळ्या हवेत, गच्चीवर पातळ ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने खळखळून धुवा.