कल्पनारम्य कथांमधले देव जग गाऊन का निर्माण करतात? नुसती आज्ञा पुरत नाही का?

आज्ञा पुरते, पण आज्ञेत दुसऱ्या कुणाला जागा नसते. गाण्यात असते. माझ्या मते खरं कारण हेच, आणि ते सगळ्यांत स्वच्छ दिसतं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याच्या 'आयनुलिंदाले' या विश्वनिर्मितीच्या कथेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर लवकरच त्याने ही कथा प्रथम लिहिली. वाचकांपर्यंत ती पोचली त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, 'द सिल्मरिलियन'च्या सुरुवातीला.

त्यात इलूवातार, म्हणजे सर्वोच्च देव, आयनूरांना, म्हणजे त्याने आधी घडवलेल्या दैवी आत्म्यांना, एक सुरावट देतो आणि ती तुमच्या परीने फुलवा म्हणतो. गुरूने बंदिश द्यावी आणि विस्तार शिष्यांवर सोडावा, तसं. ही मोकळीक आहे म्हणूनच त्यांच्यातल्या मेल्कोरला बेसूर होता येतं. तो आपलंच काहीतरी घुसडतो, शेजारचे गोंधळतात, काही जण तर त्याच्याच सुरात सूर मिसळतात. इलूवातार त्याला गप्प बसवत नाही. तो दुसरी सुरावट छेडतो, मग तिसरी: हळुवार सुरू होऊन खोल, संथ आणि दुःखाने भरलेली. मेल्कोरचा कर्कश गोंगाट तिला बुडवू बघतो, पण त्या गोंगाटातले सर्वांत विजयी सूरच ती उचलते आणि स्वतःत गुंफून घेते. जगात वाईट का आहे, याचं इतकं देखणं उत्तर मी क्वचितच वाचलंय. पुढे पाण्याच्या अधिपतीला, उल्मोला, दाखवलं जातं की मेल्कोरच्या जीवघेण्या थंडीतून हिमकण जन्मले. उल्मो कबूल करतो की एवढं सुंदर काही आपल्याला सुचलंच नव्हतं.

तुमची आज्ञासुद्धा इथे आहे बरं का. गाण्यातून आधी फक्त दृश्य उमटतं. त्याला अस्तित्व मिळतं ते इलूवातारने 'एआ', म्हणजे 'असू दे', म्हटल्यावर. तरी काम संपत नाहीच. आयनूर जगात उतरतात तेव्हा तिथे काहीच घडलेलं नसतं. जे गायलं, ते आता युगानुयुगं राबून घडवायचं.

टोल्किनचा ऑक्सफर्डमधला मित्र सी. एस. लुईस याने 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये (१९५५) वेगळी वाट धरली. तिथे सिंह अस्लान गातो आणि सुरागणिक वस्तू उगवतात: खोल, लांबलेल्या सुरांनी फरच्या झाडांची रांग, हलक्या जलद सुरांनी प्रिमरोझची फुलं. बेसूर गाणारा कुणी नाही. विरोध आहे तो ऐकणाऱ्यांत. सिंह गातोय हे कथेतल्या मुलाच्या मामाला, अँड्र्यूला, मानायचंच नसतं, म्हणून शेवटी त्याला नुसत्या डरकाळ्या ऐकू येतात.

दोन्ही वाचणार असाल तर लुईस आधी घ्या. 'आयनुलिंदाले' थोड्याच पानांची आहे, पण भाषा जड आहे. मोठ्याने वाचली की सोपी जाते.