तेराशे सीसीचा चकवा

प्रश्न : माझा मुलगा ऑकलंडला शिकतो. तिथे त्याला २००५ ची माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळते आहे. "बाबा, इंजिन आपल्या स्विफ्टएवढंच, तेराशे सीसीचं. आणि त्यात पिस्टनच नाहीत, मग बिघडणार काय?" असं त्याचं म्हणणं. आमची स्विफ्ट डिझेल आहे, ॲव्हरेज उत्तम देते. त्याला हो म्हणू का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : चिरंजीवांनी सांगितलेला एकेक शब्द खरा आहे आणि तरीही तुमची फसगत होणार आहे.

आधी तेराशेचा हिशेब. हे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी आत रोटर फिरतात. या इंजिनात असे दोन रोटर. एकेकाचं माप ६५४ सीसी, म्हणून कागदावर १३०८. पण तुमच्या स्विफ्टच्या इंजिनाचं पोट एकदा भरायला क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचे) दोन फेरे लागतात. रोटरी दर फेऱ्याला जेवते. म्हणजे त्याच दोन फेऱ्यांत तिच्या पोटात २६१६ सीसी जातात. पेट्रोलही त्याच मापानं. शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर धरून चाला, आणि ते पोरगं उजवा पाय जपून वापरणारं असेल तर!

दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग आठवा, मधे किंचित दबलेली. तशा आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, तो रोटर. हवा ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर फेकणं, सगळं त्या त्रिकोणाच्या तीन बाजूंवर चाललेलं असतं. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, वर-खाली आपटणारं काही नाही. शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा, त्यामुळे आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे, त्याचा) काटा ९००० वर असताना रोटर आत ३००० नेच फिरत असतो. म्हणून ते इंजिन किंचाळत नाही, नुसतं गुंजतं. काटा लाल रेषेजवळ गेला की चालकाला सावध करायला पिपाणी वाजते. एरवी कानाला कळतच नाही. शिवाय इंजिन लहान आणि हलकं, त्यामुळे ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवता आलं. पुढं-मागं वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर ही गाडी जशी वळते, तशी मी चालवलेल्या गाड्यांत दुसरी नाही. (एका ग्राहकाच्या मेहेरबानीनं त्र्यंबक रोडवर जेमतेम वीस मिनिटं. अजून विसरलेलो नाही.)

पण कसाऱ्याच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागे अडकलात तर? तुमची डिझेल स्विफ्ट २००० आरपीएमलाच १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देते. जपानी बाजारातल्या सहा गियरच्या आरएक्स-८ ची ताकद तब्बल २५० पीएस (अश्वशक्ती), पण टॉर्क २१६, आणि तोही ५५०० ला. खालच्या आरपीएमला तिच्यात दम नाही. गियर पाडा, काटा चढवा, तेव्हा ती जागी होते. ज्याला हे आवडतं त्याला फार आवडतं.

आता 'बिघडणार काय' याकडे. पिस्टन नाहीत म्हणून त्यांच्याभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या रिंगाही नाहीत, पण त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना सील आहेत आणि रिंगांचं सगळं दुखणं त्यांच्या वाट्याला आलंय. साठच्या दशकात माझदाच्या माणसांना शेंगेच्या आतल्या भिंतीवर ओरखडे सापडायचे. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. पुढं याच कंपनीनं १९९१ मध्ये चार रोटरच्या गाडीनं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, म्हणजे सील टिकवता येतात. फक्त त्यांना तेल लागतं. इंजिन स्वतःच थोडं ऑइल आत सोडून जाळतं, आपल्या जुन्या स्कूटरच्या टू-टी सारखं. ऑइल कमी झालं म्हणून गळती शोधत बसू नये. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी बघायची, एवढंच. आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्यांपैकी किती जण पट्टी बघतात, ते न बोललेलं बरं.

पेट्रोल जास्त जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे जळण्याची जागा लांबट आणि चपटी. मोठ्या तव्याखाली छोटी शेगडी ठेवली की कडा कच्च्या राहतात; तसं कोपऱ्यातलं थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. धुराच्या कडक नियमांपुढे ही गाडी थकली ती त्यामुळेच; २०१२ ला तिचं उत्पादन थांबलं. आणि गार इंजिन चालू करून गाडी पार्किंगमध्ये चार फूट सरकवून लगेच बंद केली, तर प्लग ओले होऊन ती पुन्हा उठायलाच तयार होत नाही. विद्यार्थ्यांच्या घरासमोर रोज हेच चालतं.

एकुलती एक गाडी म्हणून माझा सल्ला नाही. तरी पोरगं हट्टाला पेटलंच, तर इंजिन पूर्ण तापवायचं, बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. बराच वेळ नुसता घरघरला, तर कॉम्प्रेशन (आत हवा दाबून धरण्याची ताकद) गेलंय. किंमत कितीही उतरली तरी तिथून निघायचं. लगेच उठली, तर रोटरीच्या खास मीटरनं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. साधा मीटर चालत नाही, कारण एका रोटरचे तीन असे एकूण सहा वेगळे आकडे हवेत. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कलच्या खाली एकही नको, आणि सहाही एकमेकांच्या आसपास हवेत.

आकडे आले की मला पाठवा. आणि जमलं तर त्याला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगा, तो सल्ल्यासाठी नाही, माझ्यासाठी.