आडनाव पुरत नाही

प्रिय,

‘तपासणी करून मिळणार काय, औषध तर नाहीच.’ तुझ्या पत्रातलं हे वाक्य मीही तिशी उलटेपर्यंत मिरवलंय, म्हणून जरा चिडूनच लिहितोय. आधी तुझ्या आजाराचं नेमकं नाव शोध. ‘इक्थिओसिस’, म्हणजे खवल्यांची कोरडी कातडी, हे नाव नव्हे, अनेक आजारांचं आडनाव झालं.

लग्न करू का, मुलांना होईल का, असं विचारतोस. कुठलं उत्तर देऊ? फिलाग्रिन या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड असेल, तर ती अपत्याकडे जायची शक्यता निम्मी. टीजीएम१ या जनुकात असेल, तर आईबाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. आणि माझ्यासारखा एसटीएस नावाच्या जनुकात बिघाड असेल, तर ते जनुक एक्स गुणसूत्रावर: मुलग्यांना तुझ्याकडून मिळणारच नाही, मुली मात्र सगळ्या वाहक, म्हणजे पुढे त्यांच्या मुलग्यांना होऊ शकतं. म्हणून म्हणतो, नाव शोध.

मी काय केलं? नडगीवरचे तपकिरी खवले रक्त येईपर्यंत वजरीने घासले. घरचे उठायच्या आत चादरीवरचे पापुद्रे झटकले. एकाने बुरशी म्हणून दिलेलं मलम वर्षभर चोपडलं. आई हसत सांगायची, ‘तू यायलाच तयार नव्हतास, कळाच सुरू होईनात.’ वारेत एसटीएसचं विकर नसलं की असं होऊ शकतं, हे मला कळलं ताईच्या बाळंतपणानंतर. तिचेही दिवस उलटून गेले, कळा नाहीत, शेवटी धावपळीत सिझेरियन. दोघं सुखरूप, पण काही महिन्यांत भाच्याच्या पायांवर तेच खवले. माझ्या आजाराचं नाव मला ठाऊक असतं, तर तिच्या डॉक्टरांना आधीच एक ओळ सांगता आली असती. तेव्हा सोय नव्हती, असं मी म्हणत असतो. पण या विकराच्या उणिवेचा आणि या कातडीचा संबंध १९७८ मध्येच उघड झाला होता. मी विचारलंच नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

तोवर ती वजरी फेकून दे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लाव. युरियाचं मलम चिरांवर झोंबतं, तिथे साधी पेट्रोलियम जेली. हे तुला ठाऊक असणारच.

आणि आज आईला विचार, तुझ्या वेळी कळा आपणहून आल्या होत्या का. मामाच्या नडग्या कधी नीट पाहिल्यास?

तुझा,
तसल्याच कातडीचा एक म्हातारा