मालवणात पाण्याखाली फोटो काढायचेत? मग आधी हे वाचा

सुरुवात मालवणपासूनच करा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. प्रवाळ इतकं उथळ, की स्नॉर्कलवरही (तोंडात धरायची श्वासाची नळी) काम भागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं, पावसाळ्यात तर विषयच नको. तरी अंदमानसारखी निळाई इथे शोधू नका, पाण्यात गाळ असायचाच.

म्हणून झूम विसरा, हातभर अंतरावर जा. मासा आणि भिंग यांच्यामध्ये पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंदच ठेवा. तो गाळाचा कण न् कण उजळवतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. वेगळा स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरचा पाण्यातला फ्लॅश, असेल तर भिंगापासून लांब, तिरका धरा. नसेल तर ऊन पाठीशी घ्या. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा; रंग नंतर सुधारता येतात.

हाउसिंगच्या (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस अडकला तरी कॅमेरा गेलाच समजा. बंद करण्याआधी उजेडात धरून, बोट फिरवून बघा. होडीत उघडायचं नाही म्हणजे नाही.

आणि खरं सांगू? कॅमेऱ्याआधी तरंगणं जमवा. तोल गेला की नवखा माणूस हमखास प्रवाळावर पाय टेकतो. ते जिवंत असतं हो! मासे जमवायला कुणी पाव टाकू लागला तर स्पष्ट नको म्हणा. पावावर तुटून पडणारे तेच ते पट्टेरी मासे मग सगळ्या फोटोंत येतात.