वादळानंतर शेती किती सावरते ते मोजायचं, ही नोकरी असते का?

श्रीवर्धन तालुक्यातून एक ताई लिहितात: 'मुलगी दापोलीला बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रावेसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहून आली तेव्हापासून म्हणते, वादळ नि अवकाळीनंतर शेती आणि घरं कितपत तग धरतात, याचं मूल्यमापन करायचंय. निसर्ग वादळात आमचीही वाडी गेली, ते तिच्या मनात आहे. हे म्हणतात, एमपीएससी दे. अशी नोकरी असते का? आणि मुलीने गावोगाव एकटीने फिरायचं?'

ताई, नोकरी असते, पण त्या नावाची जाहिरात सहसा निघत नाही. 'संशोधन सहायक', 'प्रकल्प सहयोगी', 'संनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी' अशा पदांमध्ये हे काम असतं. बदलत्या हवामानात शेती तगावी यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा (आयसीएआर) 'निक्रा' उपक्रम 2011 पासून आहे, त्याच हेतूने राज्याचा 'पोकरा' प्रकल्प 2018 मध्ये प्रामुख्याने विदर्भ-मराठवाड्यात सुरू झाला, शिवाय पुण्यात 'वॉटर' आणि 'बाएफ'सारख्या ग्रामविकासाच्या संस्था आहेत. यातलं बरंच काम कंत्राटी असतं, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. त्यामुळे तिच्या बाबांची काळजी रास्तच आहे.

मला मात्र जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की हे काम म्हणजे काय याचा अंदाज तिला आहे का? शेतकरी हवामानाच्या तडाख्यात कितपत तग धरतो हे मोजायची, जागतिक अन्न व कृषी संघटनेची 'शार्प' नावाची पद्धत आहे. तिच्यात शेतकऱ्याला पिकं, पाणी, उत्पन्न, बचत, अडीनडीला कोण धावतं, असं बरंच विचारतात. फॉर्म भरायला कोणीही शिकतं. कस लागतो तो पुढे.

तुमचीच वाडी घ्या. कोकण कृषी विद्यापीठाच्या 'लाखी बागे'त नारळ-सुपारीत मिरी, जायफळ, दालचिनी लावतात. कागदावर पिकं भरपूर, म्हणजे मूल्यमापनात गुणही भरपूर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात काय झालं? माड-पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्यावर चढलेली मिरी त्यांच्याबरोबर गेली, आणि सावलीतलं जायफळ उघड्या उन्हात आलं. पिकं पाच असली तरी सगळ्यांचा आधार एकच होता. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, तोवर घर कशावर चाललं? मुंबईच्या पैशावर, बचतगटाच्या कर्जावर, की दागिने मोडून? पर्यटकांच्या खोल्यांचा आधार म्हणावा, तर त्या वर्षी कोरोनाने तोही बंद होता. सातबारा सामाईक, नावं दहा, त्यातली निम्मी मुंबईला, मग भरपाई कोणाच्या खात्यात? आणि ती हेक्टरी धरायची की झाडामागे? हेक्टरी हिशेबात दाटीने लावलेल्या पोफळीचं नुकसान दिसतच नाही. तुमच्या मुलीला हे प्रश्न सुचत असतील, तर ती या कामासाठीच आहे. नुसतं सर्वेक्षणात मन रमलं असेल, तर थोडं थांबा.

म्हणून तिला सांगा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीतल्या दहा-बारा घरांत बसून 2020 पासून आजपर्यंतचा हिशेब लिहून काढ. एका भेटीत कळत नाही. घर सावरलं की नुसतं कर्जावर उभं आहे, हे वर्षांच्या अंतरानेच दिसतं. बायकांना वेगळं विचार. आमसुलांचे, काजूगराचे पैसे पुरुषांच्या उत्तरात बहुधा येत नाहीत. असं एक टिपण मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त बोलतं.

शिक्षणाचं म्हणाल, तर कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करावी. विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, तोही चालेल, पण माझा कल अर्थशास्त्राकडे आहे, कारण या क्षेत्रात तळमळीची माणसं पुष्कळ मिळतात, आकडे नीट हाताळणारी कमी. राज्यातल्या विद्यापीठांसाठी पदव्युत्तर सीईटी आहे, देशपातळीवर आयसीएआरची वेगळी परीक्षा. जोडीला एक्सेल, आकडेवारीसाठी 'आर' आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर शिकावीत. शेवटची दोन्ही फुकट मिळतात.

एमपीएससीशी यात भांडण नाही. कृषी सेवेची परीक्षा एम.एस्सी. करताकरता द्यावी. फक्त त्या परीक्षेसाठी मुलीला दोन-तीन वर्षं घरी बसवू नका, एवढंच तिच्या बाबांना माझ्या वतीने सांगा.

फिरण्याचं म्हणाल तर फिरावं लागेल, तेही भर पावसात. संस्था बहुधा जोडीने पाठवतात. तरी मुलाखतीत राहण्याची, गाडीची सोय काय, हे तिने स्पष्ट विचारावं. स्कूटी येत नसेल, तर आधी ती शिकवा.