एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलाय, आता ऑपरेशनच का?

प्रश्न : डॉक्टर, वय ४६, पोळीभाजीचे डबे देते त्यामुळे सकाळी चार-पाच तास ओट्यापाशी उभीच असते. तीन महिने झाले कंबर धरलीय, पायात कळ वगैरे नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांत, डिस्क बल्ज आलाय, दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलीय म्हणे. घरचे म्हणतात झोपून राहा, पट्टा लाव, शेजारच्या वहिनी म्हणतात ऑपरेशन करून टाक नाहीतर पाय जाईल. काय करू?

उत्तर : ताई, आधी तो रिपोर्ट कपाटात ठेवा. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले तरी पन्नाशीत दहातल्या साधारण सहा जणांना बल्ज दिसतो, केस पिकतात ना तसंच ते. पण "डिस्क सरकली" एवढं ऐकलं की माणूस घाबरून वाकणं-उठणंच सोडतो, स्नायू ढिले पडतात आणि दुखणं तिथून वाढत जातं, हे रोज बघतो आणि फार वाईट वाटतं. पायात कळ नाही, मुंग्या-बधिरपणा नसेल तर ऑपरेशनचा विषयच काढू नका.

झोपून तर अजिबात राहू नका, चाला. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला, हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालायचं एवढंच ध्येय, तर दुखणं परत उलटायला न चालणाऱ्यांना साधारण ११२ दिवस लागले आणि चालणाऱ्यांना २०८. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा, थोडं दुखलं तरी चालेल, त्याने मणक्याला इजा होत नाही. जोडीला फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, नुसती मशीन लावून घरी पाठवणारा नको, व्यायाम करून घेणारा बघा. पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं), अल्ट्रासाउंड मशीनचे उपचार यांवर पैसे घालवू नका, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये तीन महिन्यांवरच्या कंबरदुखीसाठी हे नको असंच सांगितलंय. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटत असेल तर खुशाल शेका. दुखण्याची गोळी थोडेच दिवस, तीही बीपी, किडनी, अ‍ॅसिडिटीचं डॉक्टरांना सांगून.

आणि डबे बंद करू नका हो! पोळ्या लाटताना पायाखाली छोटा पाट घ्या, एकदा हा पाय वर एकदा तो, अर्ध्या तासाने दोन मिनिटं फिरून या, कणीक बसून मळा.

फक्त लघवी अडकली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला जा. ताप किंवा उगाच वजन उतरणं असेल तरी लगेच दाखवा.